गुरप्पा तोलारांनी टॅक्स वाचवला त्याची गोष्ट

आळंदच्या तुरीच्या बाजारात गुरप्पांना कोण ओळखत नाही? शिवराज सावकारांच्या अडतीवर एकतीस वर्षं काट्यापाशी उभा असलेला माणूस. आधी तागडीचा काटा होता, मग लोखंडी आला, आता आकडे लाल दिव्यात दाखवणारा आलाय. काटे तीन झाले, गुरप्पा एकच. पोत्याला हात लावला की सांगायचे, यात माती किती, ओल किती आणि शेतकरी खोटं किती बोलायलाय. पगार बेताचा, बोलणं भरघोस. दुसऱ्याच्या मालाचं वजन करता करता माणसाला वाटायला लागतं की आपलंही थोडंफार वजन असावं, तसं त्यांचं झालं होतं.

आता हे वजन त्यांनी कशात शोधावं, तर टॅक्समध्ये.

त्याचं कारण शिवराज सावकार. मार्च लागला की सावकारांचा चेहरा उतरायचा. गादीवर मांडी घालून बसायचे, लोड छातीशी धरायचे आणि कुणीही आलं तरी म्हणायचे, "टॅक्सनं मारलं बग." कलबुर्गीहून त्यांचे हिशेबवाले यायचे, चहा व्हायचा, काजू यायचे, दार अर्धं लोटलं जायचं. आत कुजबुज. मग सावकार बाहेर येऊन पुन्हा उसासा टाकायचे, आणि त्याच महिन्यात नवी गाडी घ्यायचे. गुरप्पा हे एकतीस मार्च बघत आले होते. त्यांची खात्री झाली की टॅक्स ही मोठ्या माणसांना होणारी गोष्ट आहे, आणि तो वाचवणं ही त्याहून मोठ्या माणसांची.

गुरप्पांनी आयुष्यात एक रुपया टॅक्स भरला नव्हता. कुणी मागितलाच नव्हता. पण त्यांच्या निंबगुंडी गावात पॅन कार्ड काढणारा पहिला माणूस कोण, तर गुरप्पा. पोरीच्या लग्नात, दानेश्वरीच्या, उमरग्याच्या पाव्हण्यांसमोर त्यांनी ते खिशातून काढून दाखवलं होतं. नवरदेवाच्या चुलत्यानं उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "याच्यावर राशन मिळतं का?" त्यावर गुरप्पा नुसते हसले होते. अडाण्यांशी कुठं वाद घालायचा.

एकदा तर बिस्किटाच्या पुड्यावर 'सर्व करांसह' असं वाचून ते दुकानात अर्धा तास उभे राहिले. कर वजा जाता काय पडतं, म्हणून विचारत होते. दुकानदारानं पुडा परत बरणीत ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, तुमाला न्हाई परवडायचं." घरी येऊन कमलम्माला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे तुमी टॅक्स भरताच की. रोज चहात बुडवून खाताव."

कमलम्मा म्हणजे त्यांची बायको. पाच वर्षांनी लहान, पण बोलायला दहा वर्षांनी मोठी. तिला टॅक्सचं काही नव्हतं. तिला हवा होता स्लॅब.

हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्या स्लॅबाखाली आहे. गुरप्पांचं घर पत्र्याचं. भिंती मातीच्या, वर पत्रे, पत्र्यांवर उडू नयेत म्हणून दगड. आपल्याकडं उन्हाळा कसा असतो ते मी सांगायला नको. चैत्र-वैशाखात दुपारी बाराला त्या पत्र्याखाली बसणं म्हणजे तव्याखाली बसणं. दोन वर्षांमागं कमलम्मा चुलीपुढं भाकरी थापता थापता खाली पडली. ऊन लागलं होतं, घरात बसून. दोन सलाइनी लागल्या तालुक्याच्या दवाखान्यात. डॉक्टरनं विचारलं, "उन्हात कुठं गेला होता?" ती म्हणाली, "सैपाकघरात." आणि गेल्या उन्हाळ्यात दानेश्वरी सहा महिन्यांचं लेकरू घेऊन माहेरी आली ती तिसऱ्या दिवशी परत गेली. लेकराचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. जाताना म्हणाली, "अव्वा, स्लॅब पडला की सांग, मग येते." कमलम्मानं ते मनात धरलं. पुढं पत्र्याखाली उन्हाळे काढायचे नाहीत, बस्स.

तर झालं असं, की रस्ता रुंद करायला सरकारनं गुरप्पांचे आठ गुंठे घेतले आणि मोबदला दिला. दोन लाख साठ हजार. पोस्टातल्या बचत खात्यात आले. गुरप्पांनी ते पासबुकात छापलेले बघितले आणि त्या क्षणी, असं ते स्वतःच सांगतात, त्यांना शिवराज सावकारांचं दुःख पहिल्यांदा कळलं. छातीत बारीक कळ आली. त्यांना वाटलं, आता टॅक्स येणार.

आळंदच्या पोस्टात काउंटरवर विजयश्री बसायची. निंबगुंडीचीच मुलगी, गुरप्पांना मामा म्हणायची. कामाला चोख आणि स्वभावानं इतकी सरळ, की सरकारी नोकरीत कशी लागली याचं गावाला नवल. मार्चच्या शेवटच्या दिवशी गुरप्पा धुतलेला सदरा घालून तिच्यापुढं उभे राहिले.

"विजू, मला टॅक्स वाचवायचाय."

"तुमी टॅक्स भरता मामा?"

"भरत न्हाई. पण वाचवायचाय."

विजयश्रीनं पेन खाली ठेवलं. मागं सहा माणसं उभी होती, तरी तिनं समजावलं. म्हणाली, "बगा मामा, अडतीवर तुमाला सालाला मिळतंय किती? टॅक्स लागायला अडीच लाखाच्या वर कमाई लागते. तुमची त्याच्या निम्मी बी न्हाई. तुमचा पैसा तुमी कुठं बी ठेवा, पोस्टात ठेवा, बँकेत ठेवा, डब्यात ठेवा, करमुक्तच हाय. तुमी सोताच करमुक्त हाव."

आता हे बोलणं खरं होतं, पण सहा माणसांसमोर होतं. गुरप्पांना ते फार लागलं. मागं उभा असलेला एक जण हसला देखील. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "सावकार कुठं ठेवतेत?"

"ते पीपीएफमदी बी ठेवतेत. पण त्यो पंधरा वर्षांचा असतो. अधनंमधनं हात लावता येत न्हाई सात-आठ वर्षं. तुमाला घर बांधायचंय न्हवं? मामी परवाच सांगत हुत्या. मग बचत खात्यातच असू द्या की. लागंल तवा काढा."

"त्याच्यावर व्याज?"

"शेकडा चार."

"आनि सावकारांच्यावर?"

"सात रुपये दहा पैसे."

"आनि टॅक्स?"

"त्याला टॅक्स न्हाई. पण मामा, तुमाला कशालाच टॅक्स–"

गुरप्पांनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी खिशातून पॅन कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं. इतकी वर्षं पोसलेल्या कार्डाला पहिल्यांदा काम लागलं होतं. एका वर्षात दीड लाखावर भरता येत नाही, हे कळल्यावर त्यांना थोडं वाईट वाटलं, पण मागचा एक जण जाणकार निघाला. तो म्हणाला, "आज दीड लाख भरा. उद्या नवं साल लागतंय, उरलेले उद्या भरा. फकस्त पाच तारखेच्या आत भरा, न्हाई तर त्या महिन्याचं व्याज जातं." आणि असंही म्हणाला, की आज खातं उघडलं तर पंधरा वर्षं आजच्या मार्चपासून मोजणार, उद्या उघडलं तर पुढच्या मार्चपासून. म्हणजे एका दिवसात एक अख्खं साल वाचलं. गुरप्पांनी त्याला चहा पाजला.

त्या दिवशी दीड लाख गेले. उरले एक लाख दहा हजार. पाच तारखेच्या आत तेही भरायचे, असं ठरवून, पेढे घेऊन, गुरप्पा दिवस मावळायच्या आत घरी आले.

कमलम्मा दारात गव्हल्या वाळवून गोळा करत होती. पासबुक नवं बघून तिनं विचारलं, "हे काय आणलाव?"

"टॅक्स वाचिवला."

"कुणाचा?"

"आपला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. व्याज सांगितलं, टॅक्सचं सांगितलं, एका दिवसात वाचवलेलं सालही सांगितलं. तिनं पेढा हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

"पैसं कवा मिळत्यात?"

"पंधरा वर्षानं. उद्या उघडलं असतं तर सोळा."

"म्हंजे तुमी बहात्तर. मी सदुसष्ट."

"व्हय."

"मग स्लॅब कुठं टाकायचा, समाधीवर?"

लिंगायताच्या घरात माणसाला पुरतात, त्यामुळं हा प्रश्न अगदीच रिकामा नव्हता. गुरप्पांनी क्षणभर विचारही केला असावा.

मग तिनं तिची बातमी सांगितली. पंचायतीच्या यादीत तिचं नाव आलं होतं. सरकारच्या घरकुल योजनेत घर बाईच्या नावावर देतात, तसं कमलम्माच्या नावावर मंजूर झालं होतं. एक लाख वीस हजार. पण ते एकदम हातात देत नाहीत. आधी आपल्या पैशानं पाया भरायचा, पंचायतीचा माणूस येऊन मोबाईलवर फोटो काढणार, मग पहिला हप्ता. भिंती चौकटीच्या वर गेल्या की दुसरा. स्लॅब पडला की तिसरा. पायाला साठ-सत्तर हजार लागणार होते, वर थोडी भर घालावी लागणार होती. म्हणजे उरलेले एक लाख दहा हजार अगदी बरोबर बसत होते. जणू सरकारनं आठ गुंठे मोजतानाच हिशेब केला होता.

"त्ये पैसं मी पाच तारखेच्या आत भरायलाव," गुरप्पा म्हणाले.

"कामून?"

"सात रुपये दहा पैसे."

"आनि सरकार एक लाख वीस हजार फुकट द्यायलंय, त्याचं व्याज किती बसतं?"

गुरप्पा काट्यावरचे माणूस. आकडा त्यांना लगेच कळला. पण कळलेलं कबूल करणं हे वेगळं काम असतं. ते म्हणाले, "यादी कुठं पळून जायलीय. पुढल्या साली बगू." आणि पासबुक उशाखाली ठेवून झोपले. दोघं भांडली नाहीत. भांडून काही मिळत असतं तर कमलम्मानं चौतीस वर्षांत राजवाडा बांधला असता. तिला दुसरं सुचलं.

त्या साली पाडवा दोन एप्रिलला आला होता. पाडवा म्हणजे वर्षाचा मुहूर्त, कुणाला विचारायची गरज नाही. सावकारांच्या अडतीवर काट्याची पूजा असते, म्हणून गुरप्पा सकाळीच कडुनिंब-गूळ खाऊन आळंदला गेले. दुपारी परत आले तर घराशेजारच्या मोकळ्या जागेत गर्दी. बाया पाच, बाप्ये दहा, पोरं मोजायची नाहीत. आणि त्या उघड्या जमिनीच्या मधोमध एक चौकट उभी.

नुसती चौकट. भिंत नाही, पाया नाही, वर आभाळ. गावचा सुतार गुरुबसव यानं कडुनिंबाच्या लाकडाची घडवलेली, दोन्ही बाजूंना बांबूचे टेकू, खाली दगड. वर आंब्याची पानं, मधोमध पिवळ्या फडक्यात नवधान्याची पुरचुंडी, उंबऱ्याला हळद, कपाळपट्टीला विभूतीची तीन बोटं. म्हशीच्या दुधाचे पैसे साठवून कमलम्मानं ती गेल्या दिवाळीलाच करून घेतली होती. इतके महिने ती गुरुबसवच्या सुतारशाळेत भिंतीला टेकून उभी होती, आणि गुरप्पांना वाटायचं, कुण्या दुसऱ्या भाग्यवानाची आहे.

"या की," कमलम्मा म्हणाली. "कर्त्या माणसाबिगर नारळ फुटना झालाय."

आता पंधरा-वीस माणसांसमोर काय करणार? आहेरात कुणी टॉवेल आणलेला, कुणी टोपी. त्यांनी नारळ घेतला आणि फोडला. पहिल्या फटक्यात दोन समान भकलं झाली. सगळे म्हणाले, शुभ आहे. गुरप्पांच्या डोक्यावर टोपी घातली. टोपी घातल्यावर माणसाला बरं वाटतं, तसं त्यांनाही वाटलं. मग खोबरं खाता खाता त्यांनी गुरुबसवला सहज विचारलं, "किती दिवस चालती अशी उभी?"

गुरुबसव कमी बोलणारा माणूस. त्यानं पटाशी पुसली.

"पूजलेली चौकट उपटत न्हाईत अण्णा."

"उपटायचं कोण म्हणायलंय? उभी असू दे म्हणतो मी. सालभर."

"भिंतीबिगर उभी ठेवत न्हाईत."

"ठेवली तर?"

"कर्त्या माणसाला जड जातं म्हणत्यात." त्यानं पटाशी पिशवीत घातली. "मी काय बगितलं न्हाई. पण हणमंतमास्तरनं ठेवली हुती चार म्हैने."

"मग?"

"मग काय. मास्तर आता कुठं हायत?"

हणमंतमास्तर ब्याण्णवाव्या वर्षी गेले होते, आणि तेही चौकटीला भिंत लागून वीस वर्षांनी. पण हे गुरप्पांना त्या वेळी आठवलं नाही. त्यांना फक्त एवढंच दिसलं की पंधरा वर्षांचं खातं उघडून दोन दिवस झालेत आणि कर्त्या माणसाला जड जायची सोय बायकोनं अंगणात उभी केली आहे. त्यांनी कमलम्माकडं बघितलं. ती पाव्हण्यांना शेवयाची खीर वाढत होती.

तीन तारखेला रविवार होता, तरी गुरप्पा मन हलकं करायला सावकारांच्या घरी गेले. सावकार ओसरीवर पेपर वाचत होते. गुरप्पांनी सगळं सांगितलं. टॅक्सचं, चौकटीचं, यादीचं. सावकारांनी चष्मा काढला.

"घर कुणाच्या नावावर म्हणालास?"

"बायकोच्या. सरकारचा नियमच हाय."

"मग रडायलास कामून? हे बगायलास का घर?" त्यांनी ओसरी, माडी, गाडी सगळ्यावरनं हात फिरवला. "सगळं तुझ्या वैनीच्या नावावर. कशासाठी?"

"कशासाठी?"

"टॅक्ससाठी, बाबा."

गुरप्पा उभे राहिले. एकतीस वर्षं अर्ध्या लोटलेल्या दारामागं काय चालायचं, ते आज उघड्या ओसरीवर कळलं. म्हणजे घर हीसुद्धा टॅक्स वाचवायची योजना होती, आणि तीही सावकार वापरतात ती. आणि सरकार ती त्यांच्या बायकोच्या नावावर जबरदस्तीनं देत होतं. त्यांना कमलम्माविषयी एकदम आदर वाटला. बाई दाखवत नाही, पण तिला टॅक्समधलं कळतं, असं त्यांना वाटलं. येताना ते चौकटीपाशी थांबले आणि एक बांबू जरा सैल वाटला तो दगडानं ठोकून घट्ट केला. मनात तर ठरलं. पैसे पायाला जाणार.

पण ठरलेलं सरळ गेलं तर ती सरकारी योजना कसली.

चार तारखेला सकाळी दहाला पंचायतीचे बिल कलेक्टर प्रशांतकुमार फटफटीवर आले. नाव बिल कलेक्टर, पण गावात घरपट्टी गोळा करण्यापासून कुत्री मोजण्यापर्यंत सगळं काम त्यांच्याकडं. माणूस भला, फक्त वरच्या साहेबाला फार भिणारा. त्यांना पाया भरायच्या आधी मोकळ्या जागेचा फोटो घ्यायचा होता. त्यात लाभार्थी बाई उभी पाहिजे आणि जागा रिकामी पाहिजे, म्हणजे जुन्याच घरावर कुणी पैसे उचलू नये. नियम चांगलाच आहे. त्यांनी मोबाईल काढला, वर बघितलं आणि मोबाईल परत खिशात ठेवला.

"हे काय हाय अक्का?"

"चौकट," कमलम्मा म्हणाली.

"ते दिसायलंय. पण हितं कामून?"

"पाडव्याला बसिवली. मग कवा बसवायची?"

"अहो, फोटोत रिकामी जागा पाहिजे. हे दिसलं तर वर लिहित्यात, काम आधीच सुरू झालेलं हाय. नाव कटतं. पुढच्या नंबराला जातं."

"पाया न्हाई, भिंत न्हाई. काय सुरू झालंय?"

"दार सुरू झालंय," प्रशांतकुमार म्हणाले. "तास-दोन तासांसाठी काढून ठेवा. फोटो झाला की लावा परत."

कमलम्माच्या आधी गुरप्पाच पुढं झाले. "उपटायची न्हाई," ते म्हणाले. दोन दिवसांपूर्वी ज्या माणसाला घर नको होतं, तोच आता चौकटीपुढं हात पसरून उभा होता. "साहेब, तुमाला म्हाईत न्हाई. पूजलीय ती. कर्त्या माणसाला जड जातं."

"मग नाव कटू द्या म्हणताव?"

"नाव बी कटायचं न्हाई."

"अण्णा, दोन्हीतलं एक सांगा."

गुरप्पांनी मनात हिशेब केला. चौकट काढावी तर जीव जायची भीती. ठेवावी तर सरकारचे एक लाख वीस हजार जाणार, आणि भिंत तर तरीही बांधावी लागणार, आपल्या पैशानं, कारण भिंतीबिगर ठेवता येत नाही. ते पोस्टातल्या दीड लाखाकडं मनातल्या मनात बघत होते. तिथं पंधरा वर्षांचं कुलूप. उन्हं वर चढत होती, प्रशांतकुमारांना अजून चार गावं करायची होती. त्यांनी फटफटीला किल्ली लावली.

"प्रशांतण्णा," कमलम्मा म्हणाली, "तुमी हुबं कुठं राहून फोटो काढणार?"

"हितनं. रस्त्यावरनं."

"आत येऊन काढा की."

"आत म्हंजे?"

तिनं चौकटीकडं बोट दाखवलं. "दारात हुबं ऱ्हावा. मी पलीकडं जागेवर हुबी ऱ्हाते. तुमी दारात असल्यावर दार फोटोत कसं येईल?"

प्रशांतकुमार किल्लीवर हात ठेवून तसेच राहिले. गुरप्पांनी एकदा चौकटीकडं, एकदा मोबाईलकडं बघितलं. एकतीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही, की कोण कुठं उभा राहतो त्यावर बरंच असतं.

"पण जागेवर तर चौकट हाय," प्रशांतकुमार म्हणाले.

"वरचे साहेब जागा बगायला येत्यात का फोटो बगत्यात?"

"फोटो."

"मग?"

प्रशांतकुमारांनी इकडं तिकडं बघितलं. त्यांच्या भल्या मनानं आणि भित्र्या मनानं थोडा वेळ आपसात बोलून घेतलं. जागा खरोखरच रिकामी होती, पाया नव्हता, कुणाची फसवणूक होत नव्हती. ते चौकटीकडं आले आणि एक पाय उंबऱ्यावर टाकणार तोच कमलम्मा म्हणाली, "चपला."

"अं?"

"चपला काढा. उंबरा पूजलाय."

तर सरकारच्या माणसानं रस्त्यावर चपला काढल्या, भर उन्हात, वर आभाळ असलेल्या त्या घराच्या दारात अनवाणी उभं राहून, पाठ रस्त्याकडं करून फोटो काढला. पाय भाजायला लागले म्हणून ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, त्यामुळं पहिले दोन फोटो हलले. तिसरा बरोबर आला. कमलम्मा, हिरवं लुगडं, मागं मोकळी जमीन आणि लांब कुणाचा तरी बैल. चौकटीचा कुठं मागमूस नाही. खाली जागेचे आकडे आपोआप उमटले.

"झालं," प्रशांतकुमार म्हणाले. "आता रिकामी हाय."

पाच तारखेला गुरप्पा पोस्टात गेले. विजयश्रीनं विचारलं, "उरलेले भरायला आलाव का मामा? आज शेवटचा दिवस."

"काढायला आलोय."

तिनं वर बघितलं.

"घरात घालायचेत. बायकोच्या नावावर," त्यांनी आवाज मोठा करून सांगितलं, म्हणजे मागच्या रांगेला ऐकू जावं. "सावकार बी तसंच करतेत."

"चांगलं केलाव. पण त्या पंधरा वर्षांच्या खात्यात सालाला पाचशे तरी टाकत जावा, न्हाई तर बंद पडतं."

त्यांनी पाचशे टाकले. पाच तारखेच्या आत टाकल्याचं समाधान काही कमी झालं नाही. त्यांच्या मते त्या पाचशेवरही टॅक्स लागणार नव्हता.

मग घर कसं उभं राहिलं ते सांगत बसलो तर आणखी एक घर उभं राहील. पाया झाला, पहिला हप्ता आला, तोही मागून मागून. गवंडी आठ दिवस येई आणि पंधरा दिवस लग्नाला जाई. चौकटीला दोन्ही बाजूंनी विटा लागल्या त्या दिवशी गुरप्पांनी दोन्ही वेळा पोटभर जेवण केलं. माघात स्लॅब पडला. पडला त्या रात्री कमलम्मा त्याच्यावर पाणी मारायला स्वतः शिडीवर चढली, खाली गुरप्पा शिडी धरून उभे. सव्वा महिना पाणी मारलं. चैत्रात दानेश्वरी लेकराला घेऊन आली ती वैशाखभर राहिली. लेकरू दुपारी फरशीवर उघडं झोपायचं. कमलम्मा त्याच्या शेजारी आडवी व्हायची आणि वर बघत राहायची. स्लॅबाला बघण्यासारखं काही नसतं, राखाडी असतो नुसता. पण ती बघायची.

आणि अशाच एका दुपारी प्रशांतकुमार आले. या वेळी चपला न सांगता बाहेर काढल्या. हातात कागद होता.

"घरपट्टी," ते म्हणाले. "पक्कं घर झालं. आता लागू झाली. चारशे बारा रुपये."

गुरप्पा उठून बसले. "म्हंजे टॅक्स?"

"टॅक्सच की अण्णा."

अठ्ठावन्न वर्षं ज्याची वाट बघितली तो असा दारात आला, चपला काढून. गुरप्पांनी सदरा घातला. गुंड्या लावल्या. कागद दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडं धरला आणि नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"हितं कमलम्मा लिहिलंय."

"घर अक्काचं, टॅक्स अक्काचा."

"मी कुठं हाय?"

प्रशांतकुमारांनी वाकून बोट ठेवलं. "हे बगा. पतीचं नाव."

गुरप्पा त्या ओळीकडं बघत राहिले. दानेश्वरी तोंडाला पदर लावून आत गेली. कमलम्मा उठली, डब्यातनं पाचशेची नोट काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"जावा, पंचायतीत भरून या."

"तुज्या नावावर हाय ते."

"भरायला कुणी बी गेलेलं चालतं. व्हय की न्हाई, प्रशांतण्णा?"

"चालतं."

गुरप्पांनी नोट घडी करून वरच्या खिशात ठेवली. घडी नीट बसली नाही म्हणून काढून पुन्हा ठेवली. उंबरा ओलांडताना त्यांनी विचारलं, "कुणी इचारलं, कुणाचा टॅक्स, तर काय सांगू?"

"आमचा म्हणा," कमलम्मा म्हणाली. "आनि ऊन लई हाय. टोपी घाला, सावलीसावलीनं जावा, पावती घ्यायची इसरू नका."

ते गेले. ती परत लेकरापाशी आडवी झाली.